बराकीतल्या खोल्या

पवित्र आत्म्याच्या सणाचा मुकुट पाळीने घरी असला की आठवडाभर दाराला कडी लावायची नाही. जो येईल त्याला का आलास म्हणून विचारायचं नाही, आणि घरच्या कर्त्याने त्याला स्वतःच्या हाताने वाढायचं. आमच्या पोर्तुगीज आळीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आर्मिंदोला तर ते तोंडपाठ होतं. त्याच्या आजोबांनी पोर्तुगीज बेटांवरून येताना दोनच गोष्टी बरोबर आणल्या होत्या, टूना मासे धरायची विद्या आणि पवित्र आत्म्याची ही भक्ती. तरीही त्याने मुकुटाच्याच आठवड्यात, मंगळवारी संध्याकाळी, आळीच्या समितीची बैठक स्वतःच्या घरी बोलावली. घाईत माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो, त्यातली गत.

घाई होती गुरुवारची. नौदलाचा प्रशिक्षण तळ बंद होऊन वर्ष झालं होतं. त्या जागेचं पुढे काय करायचं याचा आराखडा शहराने लोकांपुढे ठेवला होता, आणि ज्याला काही म्हणायचं असेल त्याने गुरुवारच्या सुनावणीत म्हणायचं होतं. बागा होत्या, दुकानं होती, एक हॉटेल होतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. भांडण होतं ते खाडीलगतच्या दोन जुन्या बराकींवरून. शहराला तिथे बेघर झालेल्या माजी नौसैनिकांसाठी खोल्या काढायच्या होत्या. समितीला बराकी पाडून तिथपर्यंत बाग न्यायची होती. आणि समिती म्हणजे आर्मिंदो.

"लुर्देस, ती वाटी उचल. हॉटेलवर रस्सा सांडतोय," तो म्हणाला.

लुर्देसने नकाशावरची वाटी उचलली. तिच्या जेवणाच्या टेबलावर आख्खा तळ पसरला होता, आणि त्याची चार टोकं तिच्याच भांड्यांनी दाबून ठेवली होती. समोरच्या खोलीत कागदी पांढऱ्या फुलांच्या वेदीवर मुकुट होता. त्याच्या पायाशी सासूबाई, इदालिना, जपमाळ घेऊन बसल्या होत्या. चूल सकाळपासून विझली नव्हती. पुदिना घातलेला रस्सा पावावर ओतून आल्यागेल्याला द्यायचा, हा आठवडाच तसा. पण प्रार्थनेला येणारी माणसं वेगळी आणि नकाशावर बोटं ठेवून तावातावाने बोलणारी ही दहा-बारा डोकी वेगळी. लुर्देसला हे मुळीच पटलं नव्हतं. तिने तसं सांगितलंही होतं, पण आर्मिंदो तीस वर्षं बोटीचा कप्तान होता आणि किनाऱ्यावर आल्यावरही त्याची ती सवय गेली नव्हती.

"एकेकाला तीन मिनिटं मिळतात," आर्मिंदो समितीला समजावत होता. "पण आपला वेळ दुसऱ्याला देता येतो. सही करून द्यायची, सभागृहात हजर राहायचं आणि आपलं नाव पुकारलं की उभं राहायचं. माझ्यामागे आमच्या घरचेच नऊ जण आहेत. माय, लुर्देस, चुलतभाऊ, त्यांच्या बायका. मी अगदी सावकाश बोलेन."

"आणि तुमची बहीण?" हॅलरबाईंनी विचारलं. त्या समितीच्या चिटणीस. आमच्यातल्या नव्हत्या, पण तळाच्या कुंपणाला त्यांचंच घर सगळ्यात जवळ होतं.

"डेल्फिना तिचा वेळ कुणाला देत नाही. ती जन्मली तेव्हापासून एकटीच बोलतेय."

सगळे हसले. लुर्देस हसली नाही. दुपारीच डेल्फिनाचा फोन आला होता, "आज कुणी आलं तर तोंड वाकडं करू नकोस." कोण येणार ते तिने सांगितलं नव्हतं, आणि लुर्देसनेही विचारलं नव्हतं. तिला कळलं होतं. नवऱ्याच्या कानावर मात्र तिने हे घातलं नाही.

म्हणून उघड्या दारातून डेल्फिना आत आली आणि तिच्यामागून टोपी हातात धरून गिल आला, तेव्हा घरात एकटी लुर्देसच चकित झाली नाही.

गिल म्हणजे आर्मिंदो आणि डेल्फिनाचा धाकटा भाऊ. या घराचा उंबरा त्याने आठ वर्षं ओलांडला नव्हता. आठ वर्षांपूर्वी 'एस्त्रेला', त्यांच्या वडिलांनी बांधून घेतलेली बोट, मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढली. पहारा गिलचा होता आणि गिल प्यालेला होता. माणसं वाचली, बोट गेली. आर्मिंदोने भावाला शिवी दिली नाही, हात उचलला नाही. नुसता बोलायचा थांबला, आणि आमच्यात त्याहून मोठी शिक्षा नाही.

गिल सरळ वेदीपाशी गेला. गुडघे टेकले, मुकुटावरच्या चांदीच्या कबुतराला ओठ लावले आणि मग आईच्या हाताला.

"गिल! पोरा!" इदालिनाचा चेहरा फुलला. "एवढ्या लांबून आलास? सीमेपासून बस मिळाली?"

"मिळाली, माय."

तो मेक्सिकोच्या सीमेजवळच्या गावात एका मित्राकडे राहतो, असं घरातल्यांनी म्हातारीला सांगून ठेवलं होतं. तो रविवारी फोन करायचा आणि त्याच गावचं हवापाणी सांगायचा.

आर्मिंदो टेबलाच्या टोकाला उभाच होता. समितीतल्या आमच्या लोकांनी माना खाली घातल्या, कारण त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांना हेही ठाऊक होतं की मुकुट घरात आहे. आर्मिंदो स्वयंपाकघरात गेला. खोल थाळीत पाव मांडला, पुदिन्याची डहाळी ठेवली, वरून रस्सा ओतला आणि मांसाचा चांगला तुकडा शोधून घातला. वाईट तुकडा घालायचं त्याच्या मनात आलं होतं. पण वडिलांच्या हाताखाली तो हे काम शिकला होता आणि हाताला खोटं वाढता येईना. थाळी त्याने भावापुढे ठेवली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"आभारी आहे," गिल म्हणाला.

"मुकुटाचे मान," आर्मिंदो म्हणाला. म्हणजे, माझे मानू नकोस.

हॅलरबाईंना यातलं काही कळलं नाही. नवा पाहुणा दिसला आणि त्यांनी मोठ्या आपुलकीने त्याच्याशी बोलायला सुरुवात केली.

"तुम्ही आळीतच राहता?"

"खाडीजवळ."

"म्हणजे बराकींना अगदी खेटून! मग तुम्ही गुरुवारी बोललंच पाहिजे. अहो, उद्या ती माणसं तिथे राहायला आली की सगळ्यात आधी तुमच्या दारात येतील."

गिलने तोंडातला घास शांतपणे संपवला. "माझं दार सरकवावं लागतं, बाई. गाडीचं आहे. मागच्या बाजूला गादी टाकलीय. ती माणसं म्हणजे मीच."

हॅलरबाईंचे कान लाल झाले.

"मला... मला खरंच माहीत नव्हतं हो."

"तुमची काय चूक? आमच्या घरात काही गोष्टी फार नीट झाकून ठेवतात."

हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. इदालिनाला पन्नास वर्षांत इंग्रजी बाजारापुरतंच आलं होतं, पण चेहरे वाचायला भाषा लागत नाही. तिने माळ बाजूला ठेवली.

"काय म्हणाला तो?"

"काही नाही, माय," आर्मिंदो म्हणाला.

"डेल्फिना, काय म्हणाला तो?"

"मुकुटासमोर तमाशा नकोय मला," आर्मिंदोने बहिणीला दटावलं.

"आणि मुकुटासमोर खोटं चालतं?" डेल्फिना आईजवळ जाऊन बसली. "माय, गिल मित्राकडे राहत नाही. गाडीत राहतो. इथे, खाडीच्या काठाला, तुझ्या पलंगापासून चालत जाता येईल एवढ्यावर. बायको गेली, घर गेलं, तेव्हापासून. आता दारू सोडलीय. गोदीत बोटी खरवडायचं काम करतो. पण इथली भाडी त्याला झेपत नाहीत."

इदालिना धाकट्याकडे वळली.

"किती दिवस?"

"हा दुसरा हिवाळा गेला, माय."

"आणि मी तुला कधी दिसले नाही?"

"दिसतेस ना. रविवारी देवळात जाताना. तुझा निळा कोट पार विटलाय."

म्हातारी रडली नाही. तिने मोठ्या मुलाकडे मान वळवली.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"लुर्देस, तुला?"

लुर्देसने मान डोलावली. तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आणि तुझ्या त्या सुनावणीच्या कागदावर मी सही केली ती कशासाठी?"

"बागेसाठी, माय. सांगितलं होतं मी."

"बाग कुठे होणार?"

आर्मिंदो खोटारडा माणूस नव्हता. गप्प राहणारा होता, पण समोरून प्रश्न आला की टाळायचा नाही. "बराकी पाडून," तो म्हणाला.

"आणि बराकींत काय होणार होतं?"

"याच्यासारख्यांना खोल्या."

समितीला एकदम घरची कामं आठवली. नकाशा टेबलावर टाकून माणसं भराभर उठली.

घरची पाच माणसं राहिली. दार उघडंच.

"आजपासून तो इथे राहील," इदालिना म्हणाली. "माझ्या खोलीत दुसरा पलंग मावतो."

"नको, माय," गिल म्हणाला.

"तुला कोण विचारतंय? आर्मिंदो?"

आर्मिंदो खिडकीबाहेर बघत होता.

"बोल ना," डेल्फिना कडाडली. "समितीपुढे तोंडाचा पट्टा चालतो. आता का मूग गिळून बसलास?"

"मी त्याला कधी जा म्हटलं नाही."

"ये पण म्हणाला नाहीस," गिल म्हणाला.

"बाबांची बोट होती ती."

"माझेही बाबाच होते ते, आर्मिंदो."

आठ वर्षं आर्मिंदोने बोट गेल्याचं दुःख एकट्याच्या नावावर लावून घेतलं होतं. त्यात आणखी कुणाचा वाटा असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मी राहायला जागा मागायला आलो नाही," गिल पुढे म्हणाला. "बराकीतल्या खोलीसाठी मी अर्ज केलाय. नौदलात बारा वर्षं काढली, त्यातली चार याच तळावर पोरांना शिकवण्यात. माझा हक्क आहे त्यावर. तुझ्याकडे एकच मागणं आहे. गुरुवारी बोलू नकोस."

"मी आळीला शब्द दिलाय."

"माहीत आहे."

"दिलेला शब्द मी फिरवत नाही."

"तेही माहीत आहे. तरी मागायचं होतं. एरवी तुझ्या दारात कसा आलो असतो?" गिलने थाळी उचलली, लुर्देसच्या हातात दिली, आईच्या कपाळाचा मुका घेतला आणि निघून गेला.

इदालिनाने हात पुढे केला. "माझी सही परत दे."

"ती शहराच्या कचेरीत गेली, माय."

"बरं," म्हातारी म्हणाली. आईचं ते 'बरं' डेल्फिनाने लहानपणी दोन-तीनदाच ऐकलं होतं, आणि दर वेळी घरातल्या कुणाची तरी धडगत राहिली नव्हती.

बुधवारी डेल्फिनाने आपलं केस कापायचं दुकान दुपारीच बंद केलं आणि ती खाडीवर गेली. गिल गाडीच्या पायरीवर बसून बूट पुसत होता. कुंपणापलीकडे तळावरचं लाकडी जहाज दिसत होतं. ते कधी पाण्यात गेलंच नाही. जमिनीवरच बांधलेलं, पोरांना शिकवायला. त्याच्या डेकवर उभा राहून गिल एके काळी शेकडो पोरांना दोरखंडाच्या गाठी शिकवायचा, आणि त्याचा आवाज म्हणे आमच्या आळीपर्यंत यायचा.

"उद्या तू बोलायचंस," डेल्फिना म्हणाली.

"नाही."

"अरे, तुझ्याच खोलीचा प्रश्न आहे!"

"म्हणूनच. डेल्फिना, सुनावणी तळावरच्या कवायतीच्या हॉलमध्ये आहे. त्या हॉलमध्ये मी पोरांच्या कॉलरी तपासायचो. त्याच हॉलमध्ये सगळ्या आळीसमोर हात पसरू? मला खोली द्या म्हणू?"

"मग काय, आर्मिंदो तुझ्या वतीने मागेल?"

गिल हसला. हसला की तो अजून पोरसवदा दिसायचा. "तो बोलेल ते खरंच बोलेल. एवढं मात्र आहे."

"त्याची बाजू घेऊ नकोस. डोकं फिरतं माझं."

"बाजू नाही घेत. त्याच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो माझ्याशी." त्याने दुसरा बूट हातात घेतला. "माय कशी आहे?"

"कालपासून आर्मिंदोशी शब्द नाही. तो वाढायला आला की माळ हातात घेते. मुकुटासमोर जप चालू आहे, कोण काय बोलणार? लुर्देस बिचारी दोघांच्या मध्ये सापडलीय."

"लुर्देस बरी आहे. परवा पहाटे कुणीतरी गाडीच्या टपावर गोड पाव ठेवून गेलं. असा पाव आळीत ती एकटीच भाजते, खाली थोडा करपवून."

डेल्फिनाला हे नवीन होतं. गेली दहा वर्षं भावजयीबद्दल ती जे काही म्हणत आली होती त्यातलं बरंचसं तिने मनात तिथल्या तिथे मागे घेतलं.

"उद्या ये तरी," ती उठताना म्हणाली. "बोलू नकोस. नुसता बस."

गुरुवारी कवायतीचा हॉल गच्च भरला होता. पुढे लांब टेबलामागे शहराचे लोक, मध्ये चष्मा लावलेल्या अध्यक्षबाई, भिंतीवर तो आराखडा. आर्मिंदो इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. आराखडा त्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचला होता. समितीत तेवढं कुणीच केलं नव्हतं, हॅलरबाईंनीसुद्धा नाही. सुरुवातीला बागेवर, रहदारीवर, हॉटेलच्या उंचीवर माणसं बोलून गेली. गिल मागे दाराशी उभा होता. आर्मिंदोने त्याला येताना पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं केलं होतं.

त्याचं नाव पुकारलं. तो ध्वनिक्षेपकापाशी गेला.

"तुम्हाला नऊ जणांनी वेळ दिलाय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मी नावं वाचते. ज्याचं नाव येईल त्याने कृपया उभं राहावं. इदालिना."

कुणी उठलं नाही.

आर्मिंदोने मागे पाहिलं. माय दुसऱ्या रांगेत होती, विटलेला निळा कोट घालून, दोन्ही हात मांडीवर. ती सरळ त्याच्याकडे बघत होती.

"इदालिना?" बाईंनी पुन्हा वाचलं.

"ती इथे आहे," आर्मिंदो म्हणाला. "माय, ऊठ."

"नाही," इदालिना म्हणाली. हा एक इंग्रजी शब्द तिला चांगला येत होता.

हॉलमध्ये कुजबुज झाली. अध्यक्षबाईंनी चष्मा नीट केला. "उभ्या राहिल्या नाहीत तर त्यांचा वेळ त्यांच्याकडेच राहतो. पुढे. लुर्देस."

तीस वर्षं नवऱ्याने ऊठ म्हटलं की लुर्देस उठली होती. तिने शेजारी बसलेल्या सासूकडे पाहिलं, मग पर्सचे बंद घट्ट धरले आणि बसून राहिली.

मग चुलतभावांची नावं झाली, त्यांच्या बायकांची झाली. आमच्या आळीत बायकांचं वारं कुठल्या दिशेने वाहतंय हे पुरुषांना लवकर कळतं. एक चुलतभाऊ अर्धा उठला, बायकोने सदरा ओढून खाली बसवला. नऊ नावं वाचून झाली आणि आर्मिंदो ध्वनिक्षेपकापुढे एकटा उभा राहिला. बोटीवर त्याचा शब्द वादळातही कुणी मोडला नव्हता. आता बसल्या जागी, तोंडातून आवाजही न काढता, सगळ्या घराने तो मोडला.

"तुमची तीन मिनिटं आहेत," अध्यक्षबाई जरा मऊपणे म्हणाल्या.

"आधी माझी आई बोलेल," आर्मिंदो म्हणाला आणि बाजूला झाला. त्याचा राग कानशिलात ठणकत होता, पण आईला डावलून आपण बोलायचं, हे त्याच्याने होणार नव्हतं.

इदालिना डेल्फिनाचा हात धरून पुढे आली. ती पोर्तुगीजमध्ये बोलली, डेल्फिनाने ते इंग्रजीत सांगितलं.

"मी सही केली होती, ती मागे घेते. मला बाग सांगितली, बराकी नाही सांगितल्या. चूक माझीही आहे. मुलाने सांगितलं आणि मी केली, वाचून दाखव म्हटलं नाही. आता ऐका. महायुद्धात माझा नवरा या तळावर शिकला, आपली मासेमारीची बोट घेऊन सरकारसाठी गेला. माझा धाकटा मुलगा इथे शिकला आणि इथेच शिकवायला लागला. तुम्हाला हवी होती तेव्हा आमची पोरं तुम्ही या बराकींत ठेवलीत. तेव्हा आळीत कुणी म्हटलं नाही, की ही कुठली माणसं आमच्या शेजारी आणताय. आम्ही त्यांना जेवायला बोलवायचो. तीच पोरं आता म्हातारी झालीत आणि काही जणांना घर नाही. माझ्याच मुलाला नाही. मला हे परवा कळलं. मला लाज वाटली, पण त्याची नाही. खोल्या बांधा. लवकर बांधा, मी ऐंशी वर्षांची आहे."

मागे कुणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी वाजवली. टाळ्या थांबेपर्यंत इदालिना जागेवर जाऊन बसलीसुद्धा होती.

आर्मिंदो पुन्हा पुढे आला. लिहून आणलेलं भाषण खिशातच होतं. ते काढून काही उपयोग नव्हता.

"माझ्या आईला मी पूर्ण सांगितलं नाही," तो म्हणाला. "ते चुकलं. पण माझं मत तेच आहे. ज्याला कुटुंब आहे त्याला सरकारने बराकीत का ठेवायचं? कुटुंबं काय मेली?" त्याचा आवाज चढला. "माझा भाऊ मागे उभा आहे. आठ वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. त्याने आमची बोट घालवली, आणि मी..." तो अडखळला. "ते जाऊ दे. गिल, आजपासून तू माझ्या घरी. सगळ्यांसमोर सांगतो. वरची खोली तुझी. झालं? आता या खोल्यांची गरज काय?"

डेल्फिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. जे ऐकायला तिने जंग जंग पछाडलं होतं ते तो बोलला होता, आणि तेही भलत्याच कामासाठी.

सगळा हॉल मागे वळला. गिल दारापासून सुटा झाला आणि मधल्या वाटेने चालत आला. त्याच हॉलमध्ये तो पूर्वी जसा चालायचा तसा, ताठ.

"तुम्हाला बोलायचं असेल तर नाव आणि पत्ता सांगा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"नाव गिल. पत्ता नाही, बाई. त्यासाठीच आलोय." मग तो भावाकडे वळला. आता तो शहराशी बोलत नव्हताच. "तू बोलावलंस, बरं वाटलं. खरंच सांगतो. आठ वर्षं वाट बघितली मी. पण मी वरच्या खोलीत राहायला येणार नाही."

"का? अजून काय हवं? पाया पडू?"

"रोज सकाळी तुझ्या टेबलाशी बसून मी काय खाणार? तुझा पाव आणि माझी बोट. तू बोलणार नाहीस, मला माहीत आहे. पण मला ते ऐकू येणार. आर्मिंदो, मला तुझ्याकडे यायचंय. रविवारी, सणाला, मायला भेटायला. पाहुणा म्हणून. आणि पाहुणा व्हायलाही आधी स्वतःचं घर लागतं. मी भाडं भरेन, जेवढं ठरेल तेवढं. दार माझं असेल आणि किल्ली माझ्या खिशात असेल. तेवढंच हवंय."

टेबलामागच्या एकाने घड्याळाकडे पाहिलं आणि नजर परत खाली घातली.

आर्मिंदोच्या डोक्यात त्या दोनदा वाचलेल्या आराखड्याची पानं उलटत होती. त्याने ती भांडायला म्हणून वाचली होती, एकेक कच्चा दुवा शोधत. त्यातलं एक पान त्याला आता आठवलं आणि त्याचा चेहरा बदलला. वादळ ओळखल्यावर बोटीवर व्हायचा तसा.

"किल्ली नाहीये," तो म्हणाला.

"काय?"

"यात किल्ली नाहीये!" तो टेबलाकडे वळला आणि हातवारे करत बोलू लागला. "बाई, बराकींच्या भागाचं शेवटचं पान काढा. खोल्यांच्या दारांना आतून-बाहेरून कुलूप नाही. एकच मोठं दार, त्याची किल्ली पहारेकऱ्याकडे, आणि रात्री ठरल्या वेळी बंद. ही काय खोली झाली? कोंडवाडा झाला! माझा भाऊ बारा वर्षं नौदलात होता. त्याच्या घराला बाहेरून टाळं घालणार तुम्ही?"

अध्यक्षबाईंनी पानं चाळली. शेजाऱ्याने त्यांना बोट ठेवून दाखवलं. तसं खरंच लिहिलं होतं.

"हा मुद्दा नोंदवून घेऊ," त्या म्हणाल्या. "पण मला एक स्पष्ट करा. तुम्ही प्रस्तावाच्या बाजूने बोलताय की विरोधात?"

हॅलरबाई समितीच्या रांगेतून त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. आळी बघत होती. आर्मिंदोने ज्यांना शब्द दिला होता ते सगळे बघत होते.

"आधी कुलूप लिहा," आर्मिंदो म्हणाला. "प्रत्येक दाराला वेगळं. किल्ली राहणाऱ्याच्या हातात. लिहिलंत?"

"लिहिलं."

"वाचून दाखवा."

बाईंनी वाचून दाखवलं. त्याने एकेक शब्द ऐकला, मान हलवली, आणि मग समितीकडे पाठ करून भावाच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"बाजूने," तो म्हणाला.